गुंडीवरचं अस्तर

भिंगरीचं बोट कागदाने कापलं आणि रक्त लगेच थांबलं, तिथून माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली.

भिंगरी म्हणजे माझी भाची. चालायला लागली तेव्हापासून एका जागी टिकली नाही, म्हणून तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नाही. मोठी झाल्यावर टपाल खात्यात लागली आणि पत्रं वाटत गल्ल्या पालथ्या घालू लागली. तिच्या स्वभावाला दुसरं काही मानवलंच नसतं. तिची आई फार लवकर गेली. घरात आम्ही तिघं. भिंगरी, तिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि मी. भाऊ बाइंडर आहे. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांचे जुडगे, मी शिवते, खळ लावून पुठ्ठे तो चढवतो. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे आणि ते आम्ही दोघंही रोज मोडतो.

मागच्या वर्षी भिंगरीला दम लागायला लागला. वरच्या मजल्यावर पत्र द्यायला गेली की कठडा धरून उभी राहायची. तपासण्यांत निघालं की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला जन्मापासून भोक आहे. एवढी वर्षं ही पोरगी भोक घेऊन जिने चढत होती आणि आम्ही तिला आळशी म्हणत होतो.

डॉक्टरबाईंनी छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ते भोक बुजवलं. बुजवायची वस्तू त्यांनी आधी आम्हाला नमुन्यादाखल हातात दिली होती. बारीक तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, मध्ये आखूड कंबर, आत पातळ कापड शिवलेलं. एक चकती भिंतीच्या अलीकडे बसते, एक पलीकडे. शर्टाच्या बाहीला लावायची दुहेरी गुंडी असते ना, तशी. भावाने ती उलटसुलट करून पाहिली, कापडावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "शिवण बरी आहे. आमच्या ताईपेक्षा सरळ."

तेव्हापासून घरात त्या वस्तूचं नाव गुंडी.

"आता पुढचं काम शरीराचं," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "भिंतीच्या आतलं आवरण हळूहळू गुंडीवर चढेल. पुरतं चढलं की गुंडी भिंतीचाच भाग होईल. तोवर सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. चुकवायच्या नाहीत. जड उचलायचं नाही, धावायचं नाही."

चुकवायच्या नाहीत हे मी ऐकलं. भावाने काय ऐकलं ते नंतर कळलं.

भिंगरीला फेरीवरून रजा मिळाली आणि घरात कटकट सुरू झाली. नुसतं बसणं म्हणजे तिला शिक्षाच. ती दुकानात येऊन बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची, पाय हलवायची. "अगं, टेबल हलतंय," मी म्हणायची. "टेबल नाही आत्या, मी हलतेय," ती म्हणायची. शेवटी मी तिला घड्या घालायला कागद दिले. त्या गोळ्यांनी तिला हैराण केलं होतं. नडगीला स्टूल लागलं तर तळहाताएवढा काळानिळा डाग. दात घासले की हिरड्यांतून रक्त. पहिल्याच आठवड्यात कागदाच्या कडेने बोट कापलं तर एक सबंध फर्मा रक्ताने खराब झाला, आणि मी फडकं दाबून धरून बसले तरी ते पाझरतच राहिलं.

एके दिवशी भाऊ एका जाड ग्रंथाच्या पाठीवर कातडं चढवत होता. मोठं काम होतं. कातड्याला तो दाट खळ लावतो, चमचा उभा राहील इतकी. भिंगरी शेजारी उभी राहून पाहत होती. हातावरचा नवा डाग चोळत तिने विचारलं, "बाबा, ही खळ पातळ केली तर?"

"तर कातडं उद्या सकाळी टेबलावर आणि पुस्तक जमिनीवर."

"मग माझ्या गुंडीवर कातडं चढायचंय, आणि हे लोक माझं रक्त पातळ करतायत."

भावाचा हात थांबला. मी माझ्या शिवणीवरून मान वर केली, कारण त्याचा हात थांबला की काहीतरी खूळ निघतं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"ते खरं आहे," तो सावकाश म्हणाला. "पातळ रक्तावर खपली कशी धरेल?"

"तुला विचारलंय का कुणी?" मी म्हटलं. "तू पुस्तकं चिकटव."

"मी नुसतं म्हणतोय, ताई."

"म्हणूसुद्धा नकोस."

विषय तिथे संपला असं मला वाटलं. दोघंही गप्प झाली. ही दोघं एकदम गप्प होतात तेव्हा काहीतरी शिजत असतं, हेही मला माहीत होतं. पण हातात शिवण होती.

आणि मग काही आठवड्यांनी कागदाने पुन्हा बोट कापलं. भिंगरी घडी घालत होती, "स्स" केलं, बोटावर एक लाल थेंब आला. मी फडकं घेऊन उठेपर्यंत तिने बोट तोंडात घातलं, बाहेर काढलं, पुढची घडी घातली. थेंब परत आला नाही. मी पाहत राहिले. नुसती बारीक रेघ. हातावरचे डागही पिवळे पडून विरत चालले होते, नवा एकही नव्हता.

सुई कागदात तशीच ठेवून मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते की."

"आज घेतलीस?"

"आत्या, तू काय पोलिसात लागलीस का?"

ती हसली, पण बापाकडे बघून. आणि बाप कधी नव्हे तो पुठ्ठ्याची कड इतकी मन लावून तासायला लागला की मला सगळं कळलं.

"तुम्ही दोघांनी मिळून बंद केल्यात," मी म्हटलं.

"हिरड्या थांबल्या बघ," भाऊ म्हणाला. घाबरला नव्हता, उलट जरा ताठ्यातच होता. "डाग गेले. रक्त दाट झालंय. आता धरेल. डॉक्टर शिकलेले असतात ताई, पण चिकटवणं हे चिकटवणं आहे. ते मी जन्मभर केलंय."

"बाबा म्हणाले आणि मला पटलं," भिंगरी म्हणाली. "मला कधी एकदा गुंडी पक्की बसतेय आणि मी बाहेर पडतेय असं झालंय. इथे बसून मी वेडी होईन, आत्या."

मी तशीच उठून हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या नर्सने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आत्ता घेऊन या. उद्या नाही, आत्ता." तिचा सूर ऐकून भावाचा ताठा उतरला. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. खळीचं भांडं झाकायचं राहून गेलं.

तिकडे बसायची बाकं आहेत, पण आम्ही बसलो नाही. भिंगरी भिंतीवरची पाटी वाचायची, दाराशी जायची, परत यायची. भाऊ अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत होता. खळीची दाटी बघताना चोळतो तसं. हाताला काही लागलेलं नव्हतं. त्याला थांब म्हणावं तर माझीच पावलं या खांबापासून त्या खांबापर्यंत चालली होती.

आत बोलावलं. डॉक्टरबाई मागचे अहवाल चाळत होत्या. "गोळ्या मध्ये बंद झाल्या होत्या असं फोनवर कळलं. किती दिवस?"

"एखाददुसरा दिवस," भिंगरी पटकन म्हणाली. "चुकून."

मी तिच्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत होती ती भीतीने, रजा वाढेल या भीतीने. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून भाऊ म्हणाला, "खोटं आहे ते. तीन आठवडे तरी झाले असतील. मीच बंद करायला लावल्या."

"तुम्ही?"

"मला वाटलं पातळ रक्तावर काही धरणार नाही. मी बाइंडर आहे. खळ पातळ असली तर कातडं सुटतं."

डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चूक समजण्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "पण तिथे कातडं चढत नाही. गुंडीवर पहिल्यांदा रक्ताचाच एक पातळ थर बसतो. तो बसतोच, गोळ्या घेतल्या तरी. मग त्या थरावरून भिंतीच्या कडेच्या पेशी आत सरकत येतात, अगदी सावकाश, आणि गुळगुळीत नाजूक अस्तर तयार होतं. गोळ्या त्या अस्तराला अडवत नाहीत. त्या फक्त खालचा थर जाड होऊ देत नाहीत. थर जाड झाला की त्याच्या गुठळ्या होतात. डाव्या बाजूची गुठळी सुटली तर ती रक्ताबरोबर मेंदूत जाऊ शकते. मग हात, पाय, वाचा, काहीही जातं. कधी माणूसच जातो."

भावाचं तोंड पांढरं पडलं. मग म्हणाला, "अस्तर म्हणालात?"

"हो."

"पुठ्ठ्याच्या आत अस्तराचा कागद असतो, त्याला मी खळ पातळच लावतो," तो म्हणाला. "फडक्यातून गाळून. दाट लावली तर गाठी राहतात, कागद फुगतो." आणि कुणी बस न म्हणताच तो खुर्चीत बसला. डॉक्टरबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.

छातीवर यंत्र फिरवून पाहिलं तेव्हा डाव्या चकतीवर काहीतरी असल्याचा संशय आला. मग घशातून नळी घालून पाहिलं. भिंगरी बाहेर आली तेव्हा घसा धरून होती. मोहरीच्या दाण्याएवढी गुठळी, डॉक्टरबाई म्हणाल्या. एका बाजूने चिकटलेली, दुसऱ्या बाजूने हलतेय.

हलतेय हा शब्द ऐकल्यापासून आमच्या घरात कुणी धड श्वास घेतला नाही.

काही दिवस तिला तिथेच ठेवलं, पोटात इंजेक्शनं दिली. मग नवी, जास्त कडक गोळी देऊन घरी पाठवलं. काही आठवड्यांनी परत पाहू, तोवर विरघळायला हवी, असं म्हणाल्या. निघताना नर्सने आम्हाला एक गोष्ट शिकवली. शंका आली की तिला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला, शब्द अडखळले, की तसेच उचलून आणा. एक मिनिटही घालवू नका.

शंका आली की, असं ती म्हणाली होती. भावाला शंका सतत यायची.

"हस," तो सकाळी जिन्यातच म्हणायचा.

"बाबा, अजून तोंड धुतलं नाही मी."

"हस म्हणतो ना."

ती हसायची.

"हात वर. डावा आणखी. आता बोल काहीतरी."

"बाबा, तुमची खळ करपतेय."

आणि ती खरंच करपत असायची, कारण चूल तशीच ठेवून तो वर आलेला असायचा. खळ तर त्याने त्या दिवसांत किती नासवली. शिजवायची, गाळायची, पुन्हा गाळायची, बोटांत चोळून बघायची आणि ओतून द्यायची. तो जाड ग्रंथ दाब द्यायच्या प्रेसमध्ये अडकून पडला होता. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. "कधी होणार?" विचारलं तर भाऊ म्हणायचा, "वाळतंय." काय वाळतंय हे त्यालाच ठाऊक.

मी कमी नव्हते. एखादा शब्द आठवायला भिंगरीने जरा वेळ घेतला की माझ्या हातातली सुई बोटात. कप तिच्या हातून निसटला तर आम्ही दोघं दोन बाजूंनी धावलो आणि एकमेकांवर आदळलो. "कप ओला होता!" ती किंचाळली. "माझ्या हाताला काही झालेलं नाही, कपच ओला होता!" तिच्यावर सतत दोन जोड्या डोळे. आधीच एका जागी न टिकणारी पोरगी, तिचं काय होत असेल. खोलीत गेली तर मी दाराबाहेर. नळ बंद झाला आणि ती बाहेर आली नाही तर बाप दार वाजवतोय.

एके सकाळी तिचं डोकं फिरलं असावं. भावाने "हस" म्हटलं आणि ती हसली ती अर्ध्या तोंडानेच. एक बाजू वर, एक बाजू लोंबलेली. डावा हात अर्ध्यावर आणून खाली सोडला.

थट्टा होती. मला कळलं, कारण मी बाजूने पाहत होते आणि तिचे डोळे चमकत होते. पण भाऊ समोर होता. त्याच्या हातातलं खळीचं भांडं जिन्यावरून खाली गेलं, खणखणत, पायरी पायरी. तो तिला धरायला पुढे झाला आणि त्याच्या तोंडातून शब्दच फुटेना. नुसतं "भिं... भिं..." होत होतं. क्षणभर वाटलं की गुठळी त्याच्याच मेंदूत गेलीय.

"बाबा, गंमत केली!" ती ओरडली. "बघा, हे बघा, सरळ आहे, दोन्ही हात वर आहेत. बाबा!"

तो पायरीवर बसला. खळ त्याच्या पायजम्यावरून ओघळत होती. त्याने तिला मारलं नाही, बोललाही नाही. रडला. मी माझ्या भावाला आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, बायको गेली तेव्हा पाहिलं होतं, आणि हे तिसऱ्यांदा.

भिंगरी त्याच्या शेजारी बसली, खळीतच. म्हणाली, "मला वाटत होतं, हे फक्त माझ्या छातीत आहे."

त्या दिवसापासून गोळी घ्यायची वेळ झाली की ती स्वतः दुकानात यायची, आमच्या समोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायची, लहान मूल दाखवतं तसं. पुन्हा डाग पडू लागले. हिरड्यांतून रक्त आलं की भाऊ म्हणायचा, "येऊ दे. गाळलेलं आहे." ती म्हणायची, "हो, अस्तराची खळ." हसायची दोघं, पण पाय हलवणं तिचंही चालूच आणि बोटं चोळणं त्याचंही.

पुन्हा तपासायचा दिवस आला. परत ती नळी, परत ते खांब. या खेपेला भाऊ बोटं चोळत नव्हता. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, डोळे मिटून. मला वाटलं तो देवाला आळवतोय. जवळ गेले तर पुटपुटत होता, "पातळ, गाठ नको. पातळ, गाठ नको."

डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. करड्या धुक्यात काहीतरी उघडझाप करत होतं, ते भिंगरीचं हृदय. त्यांनी बोट ठेवलं. "हलणारं होतं ते इथे. आता नाही."

"पडलं कुठे?" भावाने विचारलं.

"पडलं नाही. विरघळलं. आणि हे बघा, मागच्या खेपेला गुंडीच्या कडा कशा चमकत होत्या. आता कड ओळखू येत नाही. भिंतीचं अस्तर गुंडीवर सरकत आलंय. मध्यावर अजून थोडं उघडं आहे. वेळ लागेल. गोळ्या चालू."

"चालू," आम्ही तिघंही एकदम म्हणालो. त्या दचकल्याच.

"मी फेरीला जाऊ?" भिंगरीने विचारलं. तिचा आवाज घोगरा होता. "चालत. हळू. हलकी पिशवी."

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "सपाट रस्ता. जिने नाहीत. पडायचं नाही, आपटायचं नाही."

दुसऱ्या सकाळी ती निघाली. भाऊ आणि मी दुकानाच्या दारात. तो जाड ग्रंथ एकदाचा प्रेसमधून बाहेर काढून त्याने टेबलावर ठेवला होता, पण त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. भिंगरी खांद्याला पिशवी लावून रस्त्याने चालली होती, आम्हाला दिसावं म्हणून मुद्दाम सावकाश, आणि तो सावकाशपणा तिला किती जड जात होता ते तिच्या पाठीवरूनच दिसत होतं. कोपऱ्यावर ती थांबली. मागे वळली. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तिने दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि सगळे दात दाखवून हसली.

"बाबा!" तिने तिथूनच हाक मारली. "खळ करपतेय!"

आणि वळणावर दिसेनाशी झाली.

भाऊ पायरी उतरून रस्त्यात गेला. मान लांब करून बघत राहिला.

"ताई, डावा हात जरा खाली होता का गं?"

"त्या खांद्याला पिशवी होती."

"पिशवी उजव्या खांद्याला नव्हती?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला आठवेना. आत खरंच काहीतरी करपत होतं, पण आम्ही दोघंही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.